हरलेल्यांची पंगत

आत्या,

तू मत देऊन आलीस आणि निकाल न ऐकताच गेलीस. असं तू आजवर कधी केलं नव्हतंस. शेवटच्या फेरीची मोजणी होईपर्यंत रज्जाकचाचाच्या हॉटेलासमोरच्या बाकावरून तू हलायची नाहीस. चहा गार व्हायचा, त्याच्यावर साय धरायची, पण तू टीव्हीकडे बघत म्हणायचीस, "शेवटचा आकडा येऊ द्या." काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी घासून पालथी घातली, आणि आज सकाळी मी आपल्या ओट्यावर लिहायला बसले आहे. तुला निकाल सांगायचा राहिला आहे.

आमदार कोण झाला ते सांगेनच. पण तुला त्यात फारसा रस नव्हता, हे मला माहीत आहे. मतदान करून येताना रिक्षात तू मला एकच गोष्ट विचारली होतीस.

"यंदा पंगत होईन का गं?"

मी म्हणाले, "होईल की." खरं तर मला तशी खात्री वाटत नव्हती. आणि तुलाही ते कळलं असणार, कारण तू पदर सावरून बाहेरच्या कपाशीकडे बघत बसलीस.

हे कुणी बाहेरचं माणूस वाचेल, त्याला पंगत म्हणजे काय ते कळायला हवं. म्हणून तुला ठाऊक असलेलंच थोडं परत सांगते. तू ऐकून घे. माझा अभ्यास मी तुला तिन्हीत्रिकाळ मोठ्यानं वाचून दाखवायची, तेव्हाही तू असंच ऐकून घ्यायचीस.

आपला मतदारसंघ म्हणजे असा: उमेदवारानं राजूरच्या गणपतीपुढं नारळ फोडून प्रचार सुरू करायचा आणि जाफराबादच्या बाजारात सभा घेऊन संपवायचा. मधली सगळी कापसाची, मक्याची, सोयाबीनची गावं, आणि प्रत्येक गावात प्रत्येकाचा कुणी ना कुणी सोयरा. मी एम.ए.ला असताना याच मतदारसंघाच्या मतदानाचा इतिहास लिहायला घेतला. कचेऱ्यांत बसून जुने निकाल उतरवून काढले. कोण कधी जिंकलं, किती मतं बाद झाली, लाट कधी आली, अपक्ष कधी निवडून आला, पुनर्रचनेत कोणती गावं इकडची तिकडं गेली. आपलं गावही त्यात एकदा शेजारच्या मतदारसंघातून इकडं आलं होतं. तेव्हा बाबा फार नाराज झाले होते. "आता आपलं कोण ऐकणार," म्हणत होते. तू जात्याजवळ बसून डाळ निवडत होतीस. म्हणालीस, "गाव जागेवरच हाय ना? विहीर जागेवर हाय ना? मंग. मतदारसंघ फिरू दे त्याला फिरायचं तिकडं."

माझ्या अभ्यासावरून आपलं एक भांडण कायमचं राहून गेलं. मी म्हणायची, आपल्याकडचं मतदान हवेवर चालतं. वरून लाट आली की गावंच्या गावं तिच्याबरोबर जातात. आकडे तसंच सांगतात. तुझं म्हणणं वेगळं होतं. "हवा-बिवा काही न्हाई. गावच्या लेकी कुठं दिल्यात ते बघ. लेक दिली तिकडं मत जातं." या हिशोबानं तू प्रत्येक निवडणुकीत भाकीत करायचीस. उमेदवाराची बायको कोणत्या गावची, त्याची मावशी कुठं दिली, त्याच्या सुनेचं माहेर कोणतं, हे सगळं बोटांवर जुळवून तू छातीठोकपणे सांगायचीस, "हाच येतो." आणि आत्या, तू गेलीस म्हणून खोटं बोलत नाही, तुझं भाकीत बहुतेक वेळा सपशेल पडायचं. रज्जाकचाचा तर तू नाव घेतलंस की म्हणायचा, "आपा, बस करो, गरीब हारेगा." पडलेल्या भाकितावरही तुझं उत्तर तयार असायचं: "त्याची धाकटी मेव्हणी ध्यानात आली न्हाई माझ्या."

ते भांडण मला पुढं चालवायचं होतं. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी नकाशाच करणार होते, कोणत्या गावच्या लेकी कोणत्या गावात आहेत त्याचा, आणि त्यावर तुला कायमचं हरवणार होते.

माझा अभ्यास पुरा झाला तेव्हा तू सगळा ऐकलास. मग विचारलंस, "आन निकाल लागल्यावर काय झालं, ते कुठं लिव्हलं?"

"निकालापर्यंतच आहे तो. मतदानाचा इतिहास आहे, आत्या."

"असू दे. चांगलं लिव्हलंय." आणि तू मला दोन चमचे साखर जास्त घातलेला चहा करून दिलास. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आज मी तेच लिहून राहिले आहे, निकालानंतरचं.

पंगतीची सुरुवात मी पाहिलेली नाही, मी तेव्हा पाळण्यात होते. बाबांनी आणि भगवानकाकांनी दोघांनीही मला ती सांगितली आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की मार कुणी आधी खाल्ला. गावात वरची आळी आणि खालची आळी. वरच्या आळीचे पुढारी आपले बाबा, खालच्या आळीचे भगवानकाका. दोघं एका वर्गात शिकलेले, एका विहिरीत पोहलेले, पण निवडणूक आली की एक या उमेदवाराचा आणि दुसरा त्याच्या विरोधातला. त्या वर्षी बाबांचा माणूस निवडून आला. वरच्या आळीनं हलगी लावली, गुलाल उधळला आणि मिरवणूक मुद्दाम भगवानकाकांच्या दारावरून नेली. काकांच्या भावानं दारातली बादली फेकली. मग व्हायचं ते झालं. दोघातिघांची डोकी फुटली, आणि संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ विजयाचं जेवण मात्र ठरल्याप्रमाणे शिजत होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी.

तुला तेव्हा माहेरी येऊन फार दिवस झाले नव्हते. नवऱ्यानं दुसरी केली आणि तू निघून आलीस. आल्या आल्या तू पहिलं काम केलंस ते तलाठ्याकडं जाऊन या गावच्या मतदार यादीत नाव लावायचं. रेशन कार्डात नाव नंतर लागलं. "यादीत नाव असलं की कोणी पाहुणी म्हणत न्हाई," असं तू मला नंतर सांगितलंस. तर त्या संध्याकाळी तू चुलीपाशी होतीस. पानं मांडली, वरची आळी बसायला लागली, आणि तू बट्ट्यांच्या टोपल्यापुढं उभी राहिलीस.

"हरलेल्यांना बोलवा. ते आधी बसतीन. मंग तुमी."

बाबा म्हणाले, "आक्का, आज डोकी फुटली आमची."

"त्यांची बी फुटलीत. त्यांच्या घरी आज चुली पेटल्या न्हाईत. जा, बोलवून आण. न्हाई तर हे समदं मी गाईपुढं टाकते."

बाबा गेले. भगवानकाका डोक्याला फडकं बांधून आले, ते बाबांचं तोंड न बघता बसले. त्यांची माणसं बसली. आणि मग तू जे केलंस, ते अजून गावात सांगतात. जिंकलेल्यांची बहीण तू. तू वाढायला पाहिजे होतंस. पण तू स्वतःसाठी पत्रावळ घेतलीस आणि हरलेल्यांच्या पंगतीच्या टोकाला, पाराच्या दगडाला टेकून बसलीस. बाबांकडं बघून म्हणालीस, "वाढ आता." बाबांनी वाढलं. भगवानकाका सांगतात, तुझ्या बापाला वरणाचा डावही धरता येत नव्हता, अर्धं वरण माझ्या गुडघ्यावर सांडलं. बाबा सांगतात, ते मी मुद्दाम सांडलं.

तेव्हापासून ही रीत पडली. निकाल लागला की जिंकलेल्यांनी शिजवायचं, हरलेल्यांनी आधी जेवायचं, आणि वाढायचं ते जिंकणाऱ्या बाजूच्या पुढाऱ्यानं स्वतः. आसपासच्या गावांत आपल्याला यावरून हसतात. "तुमच्याकडं हरलेला बरा, फुकट जेवतो," म्हणतात. पण आपल्या गावात त्यानंतर निवडणुकीवरून कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

आणि तू दर वेळी हरलेल्यांच्या पंगतीत. बाबा जिंकले तर भगवानकाकांच्या माणसांत, भगवानकाका जिंकले तर बाबांच्या माणसांत. टोकाची जागा तुझी. मला कळायला लागल्यापासून मला वाटायचं, आत्या बिचारी चुकीच्या माणसालाच मत देते. एकदा मी विचारलंसुद्धा, "तुझं मत दर वेळी वाया कसं जातं गं?" तू हसलीस, भाकरी उलटलीस, आणि म्हणालीस, "वाया कुठं जातं, पेटीत जातं."

मग आलं ते अदलाबदलीचं वर्ष. ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं.

मोजणीच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बाबांचा उमेदवार भलताच पुढं होता. रज्जाकचाचाच्या टीव्हीवर नाव हिरव्या पट्टीत दिसायला लागलं. वरच्या आळीला दम निघेना. तू बाकावरून ओरडून सांगत होतीस, "शेवटचा आकडा येऊ द्या रे," पण कोण ऐकतंय. कणीक मळली, बट्ट्या भाजल्या, आणि दुपारीच हरलेल्यांची पंगत बसली. भगवानकाका पडेल चेहऱ्यानं, तुझ्यासकट त्यांची सगळी माणसं ओळीत. बाबा मोठ्या ऐटीत तूप वाढत फिरत होते. पहिली बट्टी चुरून झाली होती, तेवढ्यात रज्जाकचाचा हॉटेलातून धावत आला. हातात चहाची गाळणी तशीच.

"भगवानभाऊ, रुको! खाना मत! तुम तो जीत गए!"

जाफराबादकडची मतदान यंत्रं शेवटी उघडली होती, आणि सगळं उलटंपालटं झालं होतं. बाबा हातात तुपाची वाटी घेऊन उभे. भगवानकाका तोंडात घास धरून बसलेले, गिळावा की नाही अशा विचारात. मग कुणीतरी म्हणालं, "आता काय करायचं? उठायचं का?"

भगवानकाका घास गिळून उठले. पत्रावळ हातात घेऊन बाबांपुढं आले आणि म्हणाले, "बस तू. ही माझी उष्टी हाय, दुसरी देतो." त्यांनी बाबांच्या हातातली वाटी घेतली. खालची आळी उठली, वरची आळी बसली. अर्धवट खाल्लेल्या पत्रावळी घेऊन माणसं इकडून तिकडं चाललेली, कुणाचं वरण कुणाच्या शर्टावर, पोरं पारावर चढून टाळ्या वाजवत होती. आणि त्या गोंधळात मी तुला बघत होते. तू उठली नाहीस. तुझ्या आजूबाजूची सगळी माणसं बदलली, भगवानकाकांची गेली, बाबांची आली, आणि तू टोकाच्या जागेवर पाराला टेकून आपली बट्टी शांतपणे खात होतीस.

म्हणजे तू या बाजूची नव्हतीस आणि त्या बाजूचीही नव्हतीस. त्या रात्री अंथरूण घालताना मी तुला गाठलं. "आत्या, खरं सांग, तू मत कुणाला दिलं होतंस?"

"काहून विचारून राह्यली?"

"अभ्यासासाठी."

"तुझ्या अभ्यासात एक मत कमी धर." आणि तू दिवा घालवलास.

त्यानंतर मी ते किती वेळा विचारलं असेल. सणाला विचारलं, आजारपणात विचारलं, तुला खूष करून विचारलं. एकदा तर जाफराबादहून तुझ्या आवडीची शेव आणून, पुडी समोर धरून विचारलं. तू पुडी तेवढी घेतलीस. पण त्याच दिवशी, शेव खाता खाता, न विचारलेलं एक सांगितलंस. "मी घर सोडून आले ना, तव्हा इथं एका लग्नात गेल्ते. पानावर बसले तर एक बाई म्हनली, तू मागच्या पंगतीला बस. तिचं बराबर होतं, तेव्हाच्या रीतीनं. पण मला कोणी हात धरून बसवलं असतं ना पुढं, तर बरं वाटलं असतं. हरून आलेल्या माणसाला घरात बसणं लई जड जातं, बाई. त्याला 'चल जेवायला' म्हणणारं कोणी तरी पायजे." एवढंच. मग तू शेवेचा भुगा तळहातावर झाडून तोंडात टाकलास आणि विषय संपवलास.

मी तुझी किती देणेकरी आहे ते इथं लिहीत बसणार नाही, तुला आवडायचं नाही. पण एक लिहू दे. बारावीनंतर पाहुणे मला बघायला आले, तेव्हा घरात सगळे कबूल होते. तू पोह्यांची थाळी पाहुण्यांपुढं ठेवलीस आणि विचारलंस, "हिनं अजून एकदा बी मतदान केलं न्हाई. सरकार अजून हिला विचारत न्हाई, आन तुमी लगीन लावायला निघालात?" पाहुणे चक्रावले. बाबा म्हणाले, "आक्का, त्याचा काय संबंध?" तू म्हणालीस, "संबंध हाय. आधी हिचं नाव यादीत लागू दे, एकदा शाई लागू दे बोटाला. मंग बी.ए. होऊ दे. मंग ही सांगंल." माझं नाव लावायला तहसिलीत तूच आलीस. माझ्या बोटाला पहिल्यांदा शाई लागली तेव्हा तू ते बोट धरून अख्ख्या आळीत दाखवत फिरलीस, जशी काही अंगठी होती. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ज्या घरात कुणी कधी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्या घरातून रोज सकाळी फाट्यावर एसटीपर्यंत तू माझ्याबरोबर चालत यायचीस, आणि गाडीत जागा नसली तर कंडक्टरला दम द्यायचीस: "कॉलेजची पोरगी हाय, सरकून घे."

आणि हेही लिहायला हवं की कागदावर शिक्का मारायच्या काळात तू आळीतल्या बायांना मतपत्रिकेची घडी शिकवायचीस. उभी घडी घातली तर शाई दुसऱ्या नावावर उमटत नाही, मत बाद होत नाही. बाटलीचं बूच हळदीत बुडवून तू वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर शिक्के मारायला लावायचीस, आणि घड्या तपासायचीस. "अशी न्हाई गं, उभी. साडीची घालतीस तशी." मी जुने निकाल उतरवत होते तेव्हा बाद मतांच्या रकान्यापुढं थांबले, आणि मला एकदम सगळ्या घरभर पसरलेले हळदीचे पिवळे ठिपके दिसले. कचेरीतला माणूस विचारत होता, मॅडम, हसताय का?

आता यंदाचं.

यंदा गाव बिघडलं होतं, आत्या. आधीची भांडणं तोंडावरची असायची, यंदा सगळं मोबाईलवर. कुणी बाबांचा जुना फोटो घेऊन त्याच्यावर काहीबाही लिहून टाकलं, कुणी भगवानकाकांच्या मुलाबद्दल. कुणी टाकलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण वाचलं सगळ्यांनी. बाबा आणि भगवानकाका रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण बाजूच्या बोळात वळायचा. बाबांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "निकाल काही बी लागो, यंदापासून पंगत बंद." तिकडून निरोप आला, "आमी बी येणार न्हाई." तू जालन्याच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होतीस, श्वास पुरत नव्हता. ऐकलंस आणि भिंतीकडं तोंड करून झोपलीस. मला वाटतं, तुला एवढी हरलेली मी कधी पाहिली नाही.

पण मतदानाला तू उठलीस. बाबा म्हणाले, राहू दे, एका मतानं काय होतंय. तू त्यांच्याकडं असं बघितलंस की ते स्वतःच रिक्षा आणायला गेले.

शाळेतलं केंद्र. मी तिथल्या साहेबांना म्हणाले, हिला धाप लागते, मी सोबत आत जाऊ का? साहेब बिचारे नियम सांगायला लागले, तेवढ्यात तूच म्हणालीस, "ती न्हाई येणार. तिला लई वर्षांपासून माझ्या मतावर डोळा हाय." सगळं केंद्र हसलं. तू भिंत धरत धरत त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलीस. यंत्राचा लांब आवाज झाला. तू तरी बाहेर येईनास. मी घाबरले. मग आलीस, हसत.

"एवढा वेळ?"

"चिठ्ठी पडती ना खिडकीत, ती बघत होते."

"पडली?"

"पडली. आतमधी पडली. तुझ्या हाताला न्हाई लागत ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. बोटावरची शाई अजून ताजी होती. आंघोळ घालताना बायांनी घासली, पण ती निघाली नाही.

मोजणीच्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर तुझी राख सावडत होतो. म्हणजे तुझं मत मोजलं गेलं तेव्हा तू नव्हतीस. मला हे कितीदा तरी आठवतं आणि दर वेळी बरंच वाटतं. माणूस गेलं तरी त्याचं मत मोजावंच लागतं. दुपारी निकाल आला. बाबांचा उमेदवार निवडून आला. जाफराबादकडच्या गावांनी त्याला उचलून धरलं, आणि रज्जाकचाचा मला म्हणाला, "उसकी बहू उधर की है ना? आपा का हिसाब पहली बार सही निकला." तेव्हा मी नकाशा करायचा आता कुणासाठी, म्हणून रडले. गुलाल बाबांनी कुणाला उधळू दिला नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुला माहीत आहे, आपल्याकडं मग माणसं एकेक करून वचनं देत सुटतात. माझी मामी म्हणाली, या पोरीचं सगळं नीट करू. कावळा झाडावर. बाबा म्हणाले, तुझ्या नावानं शाळेत पाण्याची टाकी देऊ. कावळा झाडावर. ऊन वर आलं. कुणी म्हणालं, शेव ठेवा, तिला शेव आवडायची. शेव ठेवली. कावळ्यानं मान वळवली.

भगवानकाका आले होते. लांब, बाभळीखाली उभे होते, आमच्यापैकी कुणाशी बोलले नव्हते. ते पुढं आले. चप्पल काढली. पिंडाकडं न बघता नदीकडं बघत म्हणाले, "आक्का, पंगत होईन. यंदा मी वाढीन."

बाबा म्हणाले, "तू हरलाय."

"मंग? हात हरलेत का माझे?"

त्याच वेळी मी, बायांच्या घोळक्यात उभी, डोळे मिटून मनात म्हणत होते, आत्या, तू मत कुणाला दिलंस ते मी आता कधी विचारणार नाही. अभ्यासात एक मत कमी धरते. शप्पथ.

डोळे उघडले तर कावळा पिंडावर होता.

तर काल तेरवीला पंगत झाली. तेरवीचं जेवण आणि निकालाचं जेवण एकच, म्हणून वरण-बट्टीबरोबर बुंदीही होती. पानं मांडली आणि पेच पडला. खालची आळी हरलेली, ती बसली. वरची आळी जिंकलेली, पण तिच्यातलंही कुणी वाढायला उभं राहीना, सगळे बसायला लागले. बाबांनी टोकाच्या तुझ्या जागेकडं बघितलं. ती मोकळी होती. ते गेले आणि तिथं बसले, पाराला पाठ टेकून, अगदी तुझ्यासारखे. सगळं गाव एका ओळीत, आणि वाढायला एकटे भगवानकाका, हातात वरणाचा डाव घेऊन. त्यांनी पहिलं बाबांच्या पानात वाढलं, आणि थोडं बाबांच्या गुडघ्यावर सांडलं.

"हे मुद्दाम," भगवानकाका म्हणाले.

बाबा खाली मान घालून बट्टी चुरत होते. मला वाटलं, आता सगळे रडायला लागणार. तेवढ्यात ओळीतून रज्जाकचाचाचा आवाज आला, "अरे, आखरी राऊंड की गिनती हुई क्या? नहीं तो फिर उठना पड़ेगा!" आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग बाबा हसले. मग सगळी ओळ, तेरवीच्या पानावर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाहुणेमंडळी एकमेकांकडं बघत होती, यांना झालंय काय म्हणून. मी भगवानकाकांच्या हातातली तुपाची वाटी घेतली आणि वाढायला लागले.

तर निकाल हा असा आहे. आता गावात वाद चालू आहे. भगवानकाका म्हणतात, कावळा माझ्या शब्दावर आला. बाबा म्हणतात, टाकीवर आला, फक्त उशिरा. मी माझं कुणाला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्यातल्या कुणाचं ऐकून तो खाली आला, हे तुझ्या मतासारखंच राहिलं, आत्या. पडलं, मोजलं गेलं, आणि कुणाला ते कळलं नाही.